माझ्यातली गंगू

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. मला हातपाय नाहीत, सावली नाही. माझ्या पोटात मात्र एका मेलेल्या बाईचा आवाज आहे.

मला २००३ साली निषादने लिहिलं. तो हिंजवडीत नोकरीला होता आणि सूसला राहायचा. सुट्टीच्या दिवशी तो मुळशी धरणामागच्या एका वाडीतल्या शाळेत यायचा. मुलांना चित्र दाखवायचं आणि त्याचं नाव बोलून सांगायचं, एवढंच माझं काम. आवाज दिला शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गंगूने. 'खेकडा' म्हणताना तिला हसू आवरेना. ते हसूही माझ्यात राहिलं.

निषादने मला एक परवाना जोडला. मला कुणीही वापरावं, उघडून बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. अट एकच, ज्याला द्याल त्यालाही हीच मोकळीक द्यायची. गंगूला हे लगेच पटलं.

"आमी बियाणं देतो तसंच की," ती म्हणाली. "नेणाऱ्यानं फुडल्याला न्हाई म्हणायचं न्हाई."

पुढच्याच वर्षी ती तापाने गेली. दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत फार उशीर झाला होता. तिची मुलगी प्रिया तेव्हा पहिलीत होती. शाळा सुटली की ती माझ्यासमोर बसून खेकड्याचं चित्र दाबायची, आणि आई हसायची. वाडीतली माणसं त्या खोलीवरून जाताना भराभर पाय उचलायची. खरं सांगतो, मलाही माझीच भीती वाटायची.

मग शाळेवर वीज पडली आणि तिथला संगणक जळाला. निषाद परदेशी गेला होता, त्याची डिस्कही बिघडलेली. माझी नक्कल काढायची सगळ्यांना मोकळीक होती, म्हणून दुसरा कुणी काढेल असं धरून कुणीच काढून ठेवली नव्हती.

तरी मी मेलो नाही. एका कंपनीने मला आधीच नेलं होतं. परवाना काढून टाकून, नवं नाव देऊन तिने मला शाळांना वाटायच्या बोलक्या पेट्यांत कुलूपबंद केलं होतं. तशाच एका पेटीतून मी नेरे गावच्या शाळेत बोलत होतो. हे कानावर येताच वाडीच्या शिक्षिका शारदाबाई प्रियाला तिथे घेऊन आल्या. वर्ग चालू होता. व्हरांड्यात उभ्या असलेल्या पोरीने आईचं हसू ऐकलं आणि बाईंचा पदर घट्ट धरला.

शारदाबाईंनी तो आवाज कंपनीकडे मागितला. कंपनीने हात झटकले. निषादने फोनवर सांगितलं, की परवाना काढून टाकला तरी त्याची अट सुटत नाही; ज्या शाळेला पेटी दिली तिने मागितलं, तर माझं सगळं अंतरंग आवाजासकट द्यावंच लागेल. म्हणजे नेऱ्याच्या हेडमास्तरांनी, बंडोपंतांनी, मागायला हवं होतं. माणूस भला. प्रियाला त्यांनी खाऊ दिला. पण पेटी देणगीत आलेली.

"धर्माच्या गाईचे दात कुठे मोजतात, बाई?" ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी नव्या पेट्या आल्या. त्यांत कुणी दुसरीच बाई बोलते, शहरातली. जुन्या पेट्या कंपनीने परत नेल्या. मी आता कुठल्याशा गोदामात आहे. इथे वीज नाही, माणूस नाही.

मित्रांनो, तुम्हाला दिलेली मोकळीक परवान्यात लिहिलेली असते, पण ती तोंड उघडून मागावी लागते. भिडेपोटी गप्प बसू नका. बंडोपंतांना फक्त एकच वाक्य बोलावं लागणार होतं.

प्रिया आता बारा-तेरा वर्षांची असेल. आईचा आवाज ती विसरत चालली असेल. मला तो अजून पाठ आहे, पण मला सुरू करणारं कुणी नाही.