खोली तीनमधला नग

“काका, ही नोंद आता पुसता येत नाही,” संगणक शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या, आणि दप्तरकाका खुर्चीतून अर्धे उठले.

जुन्या नकाशांच्या संग्रहालयात काका एकोणचाळीस वर्षं नोंदी ठेवत होते. आता प्रत्येक नकाशाला कायमचा नंबर मिळणार होता. नकाशा कुठेही हलवा, जागेचा रकाना बदलायचा. नंबर जन्मभर तोच. सरावाला एखादी नोंद करा, असं बाईंनी सांगितलं होतं. पण वस्तू डोळ्यांसमोर नसेल तर नोंद करायची नाही, हा काकांचा नेम. नकाशे कुलपात. टेबलखुर्ची फर्निचरवाल्या कारकुनाच्या वहीतली. तिला हात लावला तर तो महिनाभर बोलला नसता. उरलं कोण? काकांनी स्वतःलाच नोंदवलं. प्रकार: माणूस. स्थिती: कडा झिजलेल्या, मध्ये फुगवटा. जागा: खोली तीन, खिडकीजवळ. ‘सराव’च्या चौकटीत खूण करायची तेवढी राहिली, आणि नोंद खरी धरली गेली.

उद्या तपासणी होती आणि तीन महिन्यांनी काका रिटायर होणार होते. साहेबांना हे दिसलं तर जाता जाता चौकशी मागे लागणार. बाईंनी सगळी बटणं दाबून पाहिली. जागा आणि स्थिती सोडली तर फक्त शेरा बदलता येत होता: ‘उपलब्ध’ किंवा ‘नष्ट’. ‘नष्ट’ला तारीख आणि कारण लागे.

काका ‘नष्ट’वर बाण नेऊन अर्धा तास बसले. बोट काही दाबेना.

घरी बायकोला सांगितलं. आधी ती पोट धरून हसली. मग म्हणाली, “ते बटण दाबाल तर याद राखा.” जेवण वाढताना दोनदा उगाचच त्यांच्या खांद्याला हात लावून गेली. त्यामुळे काका जास्तच घाबरले.

दुसऱ्या दिवशी तपासनीस नंबर वाचत होता, काका नकाशा काढून दाखवत होते. साहेब शेजारी उभे. काकांचे तळहात घामाने चिकट झाले, नकाशाच्या कोपऱ्याला डाग पडतो की काय अशी भीती. एकेचाळिसाव्या नोंदीला तपासनीस अडखळला.

“प्रकार, माणूस. खोली तीन, खिडकीजवळ.”

साहेबांची मान सावकाश वळली. पण नंबर पुकारला की वस्तू जागेवर दिसली पाहिजे, हेही एकोणचाळीस वर्षांचंच वळण. ते खिडकीजवळ जाऊन ताठ उभे राहिले.

“हजर.”

तपासनीसाने त्यांना समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं. “फुगवटा आहे,” तो म्हणाला, आणि खूण करून पुढच्या नंबराकडे वळला. नोंद जुळली होती. साहेबांना बोलायला जागाच उरली नाही.

तीन महिन्यांनी, शेवटच्या दिवशी, किल्ल्या देऊन झाल्यावर काका पुन्हा संगणकासमोर बसले. आपला नंबर टाकला. जागेच्या रकान्यातली ‘खोली तीन’ खोडून ‘घर’ लिहिलं. स्थिती तीच ठेवली.

खाली ‘नष्ट’पुढे तारखेची चौकट कोरी होती. ती भरणं पुढच्या कारकुनाचं काम. काकांनी खुर्ची टेबलाखाली सरकवली.