रेशन कार्डावरचं नाव

कुवेतमध्ये लढाई पेटल्यावर तिथली नोकरी सोडून रिकाम्या हातांनी भिवंडीला परतलेल्या हारूनचं हर्नियाचं ऑपरेशन करायलाच हवं होतं. सरकारी इस्पितळात ते फुकट होई, पण रेशन कार्डावर नाव असलं तरच. आणि आठ वर्षांपूर्वी परदेशी जाताना त्यानेच बायकोला बजावलं होतं, "जाहिदा, माझं नाव कमी करून घे."

इस्पितळाच्या खिडकीतून जाहिदाने कार्ड आत सरकवलं. कारकुनाने कार्ड चाळलं. "हारून मजीद तुम्हीच ना? भरती व्हा."

हारून चकित झाला. "तू नाव काढलंच न्हाईस?"

"जित्या माणसाचं नाव कुणी खोडतं काय?" जाहिदा फणकारली. "पण तुमच्या वाटणीची साखर एकदाही उचलली न्हाय हां!"

"हसवू नकोस गं, पोटात दुखतंय," म्हणत हारून वॉर्डाकडे निघाला.