शेवटच्या टोकाची मोटर

प्रमिलाबाईंनी स्टार्टरच्या पेटीवरची धूळ पदराने पुसली आणि व्होल्टमीटरच्या काट्याकडे बघत त्या उभ्या राहिल्या. आठला पाच मिनिटं कमी होती. आठला लाईट येणार होती.

लोणखेड्याच्या डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, अकरा मोटरी, आणि प्रमिलाबाईंची सगळ्यांत टोकाला. प्रत्येकाच्या पेटीत ऑटो. लाईट आली की मालक घरी चहा पीत असला तरी मोटर आपोआप सुरू. अकराच्या अकरा एकदम ओढायला लागल्या की टोकाला विजेचा दाब उरायचाच नाही. प्रमिलाबाईंची मोटर नुसती गुरगुरायची. दोनदा ती जळली, आणि मागच्या महिन्यात तर डीपीच जळाली. आता पुन्हा जळाली असती तर एप्रिलच्या उन्हात पपईची कोवळी रोपं आठ दिवसही तगली नसती.

काल वायरमन इंद्रसिंगने प्रत्येक मोटरीला कॅपॅसिटर बसवला. त्यामुळे लाईनवरचा भार हलका होतो, हे त्याने समजावून सांगितलं आणि सगळ्यांसमोर बजावलं,

"ऑटो आजच काढा. उद्यापासून टोकाकडून सुरुवात, एकेक मोटर, हाताने. मी काही रोज पेट्या उघडून बघणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रमिलाबाईंनीही. पण मान डोलवायला काय जातं? मोतीलाल आबांची मोटर सगळ्यांत मोठी. ते ऑटो काढतील यावर प्रमिलाबाईंचा काडीचा विश्वास नव्हता.

काटा उडाला. तीनशे ऐंशी, मग चारशे दहा. जरा हलला आणि तिथेच राहिला. मोटर घुमली, पाईप खोकला आणि हौदात धो धो पाणी पडू लागलं. प्रमिलाबाईंना इतकं हलकं वाटलं की त्या कट्ट्यावर बसल्याच. ओंजळभर पाणी त्यांनी तोंडावर मारलं. कोणीच फसवलं नव्हतं. एकानेही नाही.

मग त्यांचं लक्ष बटणाकडे गेलं. ते त्यांनी दाबलंच नव्हतं.

बाकीचे दहा जण ऑटो ठेवणार, मग आपणच कशाला शहाणपणा करायचा, म्हणून काल त्यांनी आपला ऑटो काढलाच नव्हता.

बांधावरून मोतीलाल आबा येत होते.

"वहिनी, पानी उनं का?"

"उनं, आबा."

"मंग लावू का मन्ही? सगळा तुमनीच वाट पाही ऱ्हायनात."

प्रमिलाबाई उठल्या. त्यांनी मोटर बंद केली, मेन स्विच पाडला आणि पेचकस घेऊन पेटी उघडली. पाणी थांबलं.

"काय व्हयनं? काबर बंद करी?"

"दोन मिनिट थांबा, आबा," त्या पेटीआडून म्हणाल्या. "बटन दाबीसन पाहस एकदाव."

आबांची नजर त्यांच्या हातातल्या, पेटीतून नुकत्याच काढलेल्या ऑटोवर गेली. मग त्यांनी सावकाश पपईकडे तोंड फिरवलं.

"रोपं चांगला शेतस," ते म्हणाले.