चौदाव्या विषयाला विरोध

१९३४ साली नगरपालिकेवर एक बाई नेमायची असं सरकारनं ठरवलं, तेव्हा विजयमालाबाईंचं नाव पुढं आलं ते त्या फारशा बोलत नाहीत म्हणून. शुक्रवार पेठेत त्यांचा शिवणाचा वर्ग होता. नवरा वारून सात वर्षं झाली होती. घरात त्या आणि सासूबाई बजाबाई, अशा दोघीच. अध्यक्ष आबासाहेबांनी कलेक्टरकचेरीत शिफारस करताना म्हटलं होतं, "घरंदाज बाई आहे, त्रास नाही." हे कुणीतरी विजयमालाबाईंच्या कानावर घातलं. त्यांना राग आला नाही, कारण ते खरंच होतं.

सभा महिन्यातून एकदा, दुपारी तीनला भरायची. हेडक्लार्क रामहरी एकसुरी आवाजात विषय वाचायचा. अमक्या बोळातल्या गटाराची दुरुस्ती, तमक्या रस्त्याला खडी, कंदिलांच्या काचा. आबासाहेब पेन्सिलीनं टेबलावर टक् करून विचारायचे, "मंजूर?" पान चघळत पंचवीस-तीस सभासद म्हणायचे, "मंजूर." की पुढचा विषय. खिडकीजवळच्या वेगळ्या खुर्चीवर विजयमालाबाई पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसत. पाच सभा त्यांनी अशाच काढल्या.

सहावी सभा कार्तिकात झाली. रामहरीनं चौदावा विषय वाचला. "भवानी पेठेतील स्त्रियांचे सार्वजनिक शौचकूप आरोग्यास अपायकारक झाल्याने पाडून टाकावे, व मोकळी होणारी जागा लगतच्या वखारीस जोडून द्यावी, अशी आरोग्य कमिटीची शिफारस."

लगतची वखार बसलिंगप्पांची होती. आरोग्य कमिटीचे चेअरमनही तेच होते. ही गोष्ट खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होती.

टक्. "मंजूर?"

"माझा विरोध आहे," विजयमालाबाई म्हणाल्या.

आबासाहेबांची पेन्सिल तशीच राहिली. सगळी डोकी खिडकीकडे वळली. कुणीतरी खाकरलं.

"कशाला विरोध, बाई?" आबासाहेबांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

विजयमालाबाईंना ती जागा माहीत होती. वर्गातल्या निम्म्या मुली त्याच बोळातून येत. पण एवढे पुरुष तोंडाकडे बघत असताना तो शब्द काही त्यांच्या ओठावर येईना. "बायकांची अडचण होईल," एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या.

"अडचण तर आत्ताच आहे," बसलिंगप्पा म्हणाले. "नाक मुठीत धरून वखारीत बसतो मी." सभा हसली.

"असले विषय बायामाणसांनी सभेत काढू नयेत," आबासाहेब म्हणाले. "मंजूर. पुढचा घ्या रामहरी."

पुढचा विषय कुत्र्यांच्या पट्ट्यांचा होता.

आठ दिवसांनी काशम्मा वर्गात आली. तिची धाकटी मुलगी इथं शिवण शिकत होती. काशम्मा स्वतः घरी बसून मागवाल्यांसाठी सुताच्या कांड्या भरायची. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडे आवाज सारखाच मोठा. चप्पल काढायच्या आधीच ती बोलायला लागली.

"अक्का, नोटीस लागली की. संडास पाडनार म्हनं. पुढल्या म्हैन्यात."

"माहीत आहे मला."

"दसऱ्यापास्नं तितला झाडूवाला त्या बसलिंगप्पानं दुसरीकडं पाठवलाय. घाण सोता केली आन घाण हाय म्हणून पाडतो सोताच. आमी बायका कुटं जायाचं? गिरणीच्या भिंतीमागं? तितं दारू पिऊन बसत्यात गडी. माझ्या सुनंला आठवा म्हैना हाय. तिला काट्यात पाठवू?" ती खाली बसली. "तुमी व्हतात की सभंत. काय बोललात?"

"मी विरोध केला."

"कसा केला? काय म्हणून?"

मुलींच्या कात्र्या थांबल्या होत्या. "बायकांची अडचण होईल, असं म्हटलं," विजयमालाबाईंनी सांगितलं.

काशम्मा त्यांच्याकडे बघतच राहिली. "अडचण," ती म्हणाली. "अक्का, खोलीत खाट मावत न्हाय, त्येला अडचण म्हनत्यात. तुमच्या घरात मागच्या अंगणात हाय म्हणून तुमाला तो शब्द सुचला."

ती रागानं बोलली नव्हती. म्हणूनच ते विजयमालाबाईंना फार लागलं. संध्याकाळी जेवायला बसल्या तर घास उतरेना. बजाबाईंनी खोदून खोदून विचारलं आणि सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "अगं, भरल्या सभंत बाईमाणसानं संडासाचा विषय काढायचा व्हय? माझा ल्योक असता तर तोंड लपवून फिरला असता."

"ते असते तर मी सभेत नसतेच, आत्याबाई," विजयमालाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कचेरीत गेल्या आणि रामहरीकडं मागच्या सभेचं प्रोसिडिंग मागितलं. सभासदाला ते बघायचा हक्क होता, पण आजवर कुणी मागितलं नव्हतं. रामहरीनं मोठी वही पुढं सरकवली. मजकूर मोडीत होता. बाईंना मोडी येत नसणार, असं त्याला वाटलं असावं. पण वैरागच्या माहेरी विजयमालाबाईंनी वडिलांची सगळी पत्रं वाचून दाखवली होती. बोट ठेवून त्यांनी वाचलं. "ठराव सर्वानुमते मंजूर."

"रामहरी, मी विरोध केला होता."

रामहरी पन्नाशीचा, सडपातळ, दोन मुलींच्या लग्नांची काळजी असलेला माणूस. तो हळूच म्हणाला, "बाईसाहेब, ही पद्धत आहे. एक-दोन आवाज आले तरी सर्वानुमतेच लिहायला सांगतात. कुणी काही म्हणत नाही."

"तुम्ही सभेत बसून कच्चं टिपण करता. त्यात काय लिहिलंय?"

रामहरीनं फक्त टेबलाचा खण आत ढकलला.

पुढची सभा पंधरा दिवसांवर होती. तेवढ्या दिवसांत विजयमालाबाई भवानी पेठेत अकरा वेळा गेल्या. आधी ओट्यावर बसायच्या, मग आत. त्यांनी बायकांना एकच गोष्ट सांगितली: सभेला कुणालाही येऊन बसता येतं, तसा नियम आहे.

"आमाला शिपाई आत सोडतोय व्हय?" कुणीतरी म्हणालं.

"नाही सोडलं तर मी दारातच उभी राहीन. एका सभासदाला बाहेर ठेवून सभा करून दाखवा म्हणावं."

सभेच्या दिवशी तीनला पाच मिनिटं कमी असताना चाळीस-पन्नास बायका सभागृहाच्या जिन्यात आल्या. मागवाल्यांच्या, गिरणीतल्या, विड्या वळणाऱ्या, घोंगडी पांघरून आलेली दूधवाली केराबाई. शिपायानं हात आडवा केला. काशम्मानं तो हात बाजूला केला, दोरीवरचं लुगडं सरकवावं तितक्या सहज. बायका मागच्या बाकांवर दाटीनं बसल्या, उरलेल्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सभासदांनी पानं गिळली की काय कोण जाणे, पण कुणी चघळेना.

"मागील सभेचे प्रोसिडिंग," रामहरीनं सुरुवात केली.

"वाचलं असं समजून कायम," आबासाहेब म्हणाले. टक्.

"वाचलेलं नाही," विजयमालाबाई उभ्या राहिल्या. "आणि चौदाव्या ठरावापुढं खोटं लिहिलंय. मी विरोध केला होता."

"बाई, तुम्ही काहीतरी म्हणालात खऱ्या, पण तो विरोध असा कुणाच्या ध्यानात आला नाही." आबासाहेबांनी सभेकडं पाहिलं. "आला का कुणाच्या?"

विजयमालाबाईंनी एकेकाकडं नजर टाकली. जो तो विषयपत्रिका वाचू लागला. मग त्या रामहरीकडं वळल्या. "तुम्ही सांगा. तुम्ही ऐकलंत का?"

"क्लार्कला सभेत बोलायचा अधिकार नाही," बसलिंगप्पा म्हणाले.

"बोलू नका मग. खणातलं टिपण आणून वाचा."

रामहरीनं दौत बाजूला सरकवली आणि कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. तो खणात नव्हताच. सकाळी घरून निघतानाच त्यानं तो बरोबर घेतला होता. त्यानं वाचलं, त्याच एकसुरी आवाजात: "विषय चौदा. विजयमालाबाई, माझा विरोध आहे. हशा. अध्यक्ष, मंजूर."

मागच्या बाकांवरून "हं!" असा एक मोठा आवाज आला. आबासाहेबांचा चेहरा लाल झाला. पण आता वहीत दुरुस्ती करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"झाली दुरुस्ती. बसा आता."

"बसत नाही. ठरावाचा फेरविचार व्हावा अशी माझी सूचना आहे." विजयमालाबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मागच्या खेपेला मी अडचण म्हटलं. आज नीट सांगते. भवानी पेठेत बायकांचे आठ संडास आहेत. संडास. हा शब्द उच्चारायला मला लाज वाटली, म्हणून तुम्ही ते पाडायला निघालात. तिथली सहाशे बायामाणसं त्यांवर अवलंबून आहेत. झाडूवाला काढून घेतला म्हणून घाण झाली, तो परत पाठवा, घाण जाईल. आरोग्य कमिटीच्या चेअरमननी आपल्याच वखारीला जागा देण्याची शिफारस करायची, आणि आपण सगळ्यांनी मंजूर म्हणायचं? इथं बसलेल्या एकाच्याही घरची बाई भल्या पहाटे गिरणीच्या भिंतीमागं जाते का? जात असेल त्यानं हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. बायकांकडं बघायचं धाडस कुणाला होत नव्हतं.

"सूचनेला अनुमोदक पाहिजे," आबासाहेब घाईनं म्हणाले. "नसेल तर सूचना पडली."

"माझं अनुमोदन हाय," कोपऱ्यातून आवाज आला. घोंगड्यांचे व्यापारी बिरप्पा, दोन वर्षांत पहिल्यांदाच बोलत होते. "माझी माय असल्याच उघड्या जागी साप चावून गेली. लिहा माझं नाव."

मतं घेतली. बाजूनं सात, विरुद्ध अठरा. सूचना फेटाळली गेली.

जिना उतरताना विजयमालाबाईंना रडू येत होतं. "हरलो आपण," त्या काशम्माला म्हणाल्या.

"हरले त्ये. तुमाला पाडाया अठरा गडी लागले हात वर कराया," काशम्मा म्हणाली. "पाडायला कवा येनार?"

"सोमवारी सकाळी."

"येऊ देत की."

सोमवारी सूर्य वर आल्यावर मुकादम पहारी-कुदळींसह बारा गडी घेऊन आला. संडासापुढं बायकांची रांग लागलेली होती. प्रत्येकीच्या हातात पाण्याचा डबा. रांग बोळ ओलांडून बसलिंगप्पांच्या वखारीच्या दारावरून पुढं गेली होती.

"बाजूला व्हा, काम सुरू करायचंय," मुकादम म्हणाला.

"आत बाया हायेत," काशम्मा म्हणाली.

"बाहेर येऊ द्या त्यांना."

"त्या आल्या की दुसऱ्या जातील. रांग हाय, दिसत न्हाय व्हय? तुला घाई असंल तर जा आत, बघू."

गडी एकमेकांकडं बघून हसले आणि लिंबाखाली जाऊन बसले. बायका बसलेल्या संडासावर पहार घालायची कुणाची छाती नव्हती. दुपारपर्यंत रांग तशीच होती, माणसं मात्र बदलत होती. गिरणीची पाळी सुटली की तिकडच्या यायच्या, स्वयंपाकाची वेळ झालेल्या घरी जायच्या. मंगळवारी तेच. बुधवारी मुकादमानं गडी अर्धेच आणले.

विजयमालाबाई पहिल्या दिवसापासून रांगेत होत्या. निघताना त्यांनी तांब्या उचलला तेव्हा बजाबाई दारात आडव्या उभ्या होत्या.

"मला अडवू नका, आत्याबाई."

"अडवत न्हाय. पूजेचा तांब्या उचललायस, त्यो ठेव. ह्यो घे." त्यांनी जुना, पोचे आलेला डबा पुढं केला. "आन ऊन लागंल. डोईवरनं पदर घे."

तिसऱ्या दिवशी आबासाहेब टांग्यातून स्वतः आले. सभेतली एकमेव बाई हातात डबा घेऊन भर रस्त्यात, विडी कामगारणींच्या मधोमध उभी पाहून ते टांग्यातून खाली उतरलेच नाहीत.

"बाई, हे शोभतं का तुम्हाला? मी तुमच्या नावाची शिफारस केली. पुढच्या खेपेला सरकार तुम्हाला नेमेल असं वाटतं?"

"नाही वाटत," विजयमालाबाई म्हणाल्या. "पण ही खेप अजून संपलेली नाही. माझ्या पुढं अजून चौदा जणी आहेत, आबासाहेब. तुम्ही थांबणार असाल तर सावलीत थांबा."

रांगेत हसू पसरलं. ते सभेतल्यासारखं नव्हतं. टांगा वळला.

ही रांग अकरा दिवस चालली. त्या अकरा दिवसांत वखारीपुढं एक गाडी उभी राहू शकली नाही. येणारा व्यापारी बायकांची रांग बघून लाजून परत फिरायचा. शेवटी स्वतः बसलिंगप्पांनीच आबासाहेबांकडं माणूस धाडला. खास सभा बोलावली गेली. अर्ध्या तासात ठराव रद्द झाला आणि झाडूवाला परत भवानी पेठेला लावायचं ठरलं. आबासाहेबांनी कारण असं दिलं की कमिटीची माहिती अपुरी होती.

रामहरीची बदली जकातनाक्यावर झाली. विजयमालाबाईंनी त्यासाठी दोन अर्ज केले, पण उपयोग झाला नाही. त्यांची स्वतःची नेमणूक पुढच्या वर्षी संपली आणि सरकारनं त्यांच्या जागी एका डॉक्टरांची पत्नी नेमली.

पौषात नगरपालिकेचा मिस्त्री चुना, नवी दारं आणि कड्या घेऊन भवानी पेठेत आला. त्यानं घाईघाईनं आठ दारं बसवली. काशम्मा कांड्या सोडून बाहेर आली. तिची सून आठ दिवसांपूर्वीच बाळंत झाली होती. काशम्मानं एकेक दार आतून लावून पाहिलं. तिसऱ्या दाराची कडी सैल होती.

"ही परत बसव," ती म्हणाली.

"चालतंय हो मावशी."

"चालत न्हाय," काशम्मा म्हणाली, आणि ती नीट बसेपर्यंत दारातून हलली नाही.