पावडरचं पाणी

हंडाभर पाण्यापायी आमच्या गल्लीत बाया एकमेकीच्या झिंज्या उपटीत व्हत्या, आन् मपली सून एका बेडकावर पाणी फवारीत बसायची. आता सांगा, डोकं फिरंल का न्हाई? मपलं तर लई फिरायचं. पण तोंड दाबून गप बसायचे, कावून ते सांगते.

शिवकन्या, मपल्या शहादेवची बायको. दोघं नवराबायको खाली कारखान्याच्या टोळीवर ऊस तोडायला गेलते. तिथंच तिचं पोटातलं लेकरू गेलं, दिवस भरत आलेले असताना. परत आली ती मुकी होऊनच. हाक मारली तर बघायची, बोलायची न्हाई. मी अंगारे लावले, लिंबागणेशाला नवस बोलले, चिडून शिव्याबी दिल्या. काईच उपेग झाला न्हाई. शहादेव वैतागून पुण्याला कामाला निघून गेला.

मंग एक दिवस माठाखाली बेडूक निघाला. झाडावर असतो तो, तपकिरी, बोटांच्या टोकाला टिकल्या चिकटवल्यावानी. बाहेर फेकावा म्हणून मी चिमटीत धरायला गेले, तर मागून आवाज आला.

"वाळल्या हातानं धरू नका, आत्याबाई."

शिवकन्या बोलली व्हती! त्या बेडकाच्या पाया पडायचीच तेवढी राहिले, बया.

गावातली दूध सोसायटी बंद पडलेली. चाराच न्हाई तर दूध कुठलं? तिथली पेढे ठेवायची काचेची पेटी धूळ खात पडलेली व्हती, ती मी डोक्यावर घेऊन आले. खाली नारळाच्या शेंड्या, मधी लिंबाची फांदी, वरून हवेला जाळी. रोज घाण काढायची, शेंड्या ओल्या ठेवायच्या, बल्बखालचे किडे धरून सोडायचे. मोबाइलवर बघूनबघून शिवकन्या समदं शिकली, आन् मला सांगत बसायची. मला बेडकाचं काय कौतुक? तिचा आवाज कानावर पडतो म्हणून मी ऐकायचे.

"बेडूक तोंडानं पाणी पीत न्हाई, आत्याबाई. कातडीनं पितो," ती म्हणायची. टँकरच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असती, ती सरळ त्याच्या अंगात जाती. म्हणून त्याचं पाणी उघड्या घमेल्यात उन्हात ठेवायची, पावडरचा वास पार उडाला की मंगच फवारायची. स्वतः मात्र हंड्यातलं तसंच प्यायची.

मृग कोरडा गेला, आर्द्राबी कोरड्या गेल्या. गावानं धोंडी काढायचं ठरवलं. धोंडीला बेडूक लागतो. तो काठीला बांधून दारोदार फिरायचं, दरेक घरानं त्याच्यावर पाणी वतायचं, म्हंजे देवाला दया येती. पण हिरी आटलेल्या, बेडूक आणायचा कुठून? मंग कुजबुज सुरू झाली, की बेडूक बायनाबाईच्या, म्हंजे मपल्याच, घरात काचंत कोंडलाय आन् त्याच्यासंगं पाऊसबी कोंडलाय. टँकरवर शिवकन्याचा हंडा बाया पायानं मागं सारायला लागल्या. तिचं लेकरू गेलेलं, तेबी त्यात आलं. पांढऱ्या पायाची म्हणाल्या तिला. मेल्यांची जीभ कशी झडली न्हाई!

सोसायटीचा चेअरमन मोहनराव आमच्या वट्ट्यावर येऊन बसला. गोड बोलून बेडूक मागायला लागला. मी त्याला चांगलाच झाडला. म्हणले, तुमची सोसायटीबी ह्या बेडकानंच बुडवली का वो? तो खाली मान घालून बसला, पण उठंना.

तेवढ्यात शिवकन्याच बाहेर आली. हातात परात, परातीत ओलं फडकं, त्यावर तो. बांधायचा न्हाई, मीच नेणार, म्हणली. मी तिचा दंड धरला. तर हळूच म्हणली, "त्यालाबी पाऊस पायजेच की, आत्याबाई."

निघालो. पुढं हालगी, मागं बाया, मधी ती परात घेऊन. पहिलं दार सारजाबाईचं, आमच्या शेजारणीचं. ती तांब्या भरून घेऊन आली. सकाळीच टँकर आलता, आन् त्या दिवशी पावडर इतकी टाकलेली, की तांब्याचा वास दुरूनच नाकात बसला. मी आडवी झाले. म्हणले, सारजे, नुसतं बोट बुडवून शिंपड, त्याला ह्ये पाणी सोसत न्हाई.

सारजाबाई भांडखोर बाई, पण भांडली न्हाई. तांब्या तसाच धरून म्हणली, "आमची लेकरं ह्येच पाणी पितेत, बायनाबाई."

मी बाजूला झाले. शिवकन्यानं परात पुढं केली.

मंग दारोदार तेच झालं. एरवी घोटभर कुणाला न देणाऱ्या बाया तांबेच्या तांबे वतायला लागल्या, वरून हात जोडायला लागल्या. चुळकाभर पाण्याची काय किंमत व्हती तवा! परात भरायची, शिवकन्या कलती करायची, पुढच्या दारात परत भरायची. मारुतीच्या पारापतूर बेडकानं पाय ताणून दिले. तिनं वरून पदर टाकला आन् कुणाला कळू दिलं न्हाई. मोहनरावनं नारळ फोडला. आभाळ आपलं पांढरंफटक.

घरी आल्यावर ती परात मांडीवर घेऊन बसली. मी म्हणले, रड पोरी, मोकळी हो. तिनं पदर बाजूला केला.

"आत्याबाई, तिथं टोळीवर प्यायला खालच्या कॅनॉलचं पाणी व्हतं. हिरवं. वास मारायचं. मी लई प्यायची, तान लई लागायची," ती म्हणली. मंग म्हणली, "पोटातलंबी तोंडानं न्हाईच पीत ना?"

न्हाई गं, तसं नसतं, असं मी म्हणायला पायजे व्हतं. पण मला काय ठावं, तसं असतं का नसतं?

तवापसून ती पुन्हा बोलली न्हाई. तिला बोलती करायला मी किती देव पाण्यात ठिवले. आता वाटतं, पहिल्यापसून मुकीच राहिली असती तर बरं झालं असतं. टँकर आला की ती हंडा घेऊन रांगेत हुभी राहती. घरी येऊन पाणी घमेल्यात वतती, उन्हात ठेवती. वास उडंपतूर आता स्वतःबी घोटभर पीत न्हाई, मंग ऊन कितीबी असू दे.