होड्या की झोपड्या

गंगाराम मुंबईच्या विद्यापीठात शहरं कशी वसवावीत ते शिकतोय, असं आवडाबाईनं रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात सांगितलं तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "अगो, शहरां तर वसलेलीच हायत. ह्यो काय उचलून दुसरीकडं ठेवनार?" एकीनं विचारलं. आवडाबाईला राग आला, पण खरं म्हणजे तिलाही नीट ठाऊक नव्हतं. सुट्टीत लेक घरी आला तेव्हा तिनं त्याला पुढ्यात बसवून विचारलं. त्यानं वाळूवर काटकीनं रेघा ओढल्या. रस्ता कुठून न्यावा, गटार कुठं सोडावं, बाजार कुठं असावा, कोणाचं घर न मोडता हे सगळं कसं बसवावं. एवढी साधी अक्कल यायला विद्यापीठ लागतं याचं तिला नवल वाटलं, पण शिक्षण भल्याचं आहे हे पटलं. त्या दिवसापासून कोणी हसलं की ती हातातलं काम टाकून भांडायला उभी राहायची.

तिचा नवरा बोटीवर खलाशी, वर्षा-दीड वर्षानं घरी येणारा. पोराचं शिक्षण तिनंच रेटलं होतं. सुकी मासळी डोक्यावर घेऊन ती पालीच्या बाजाराला जायची, आणि वाटेत कोणी नाक मुरडलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून पुढं चालायची.

एकोणीसशे तेहतीस साली गंगाराम शिकून परत आला आणि अर्ज करत सुटला. एका कचेरीनं कळवलं, असली जागाच नाही. दुसरीनं कळवलं, जागा आहे, पण विलायतेत शिकलेला माणूस हवा. तिसऱ्या ठिकाणी त्याला समोर बसवलं, जात विचारली आणि मग गटारं मोजण्याच्या कामावर मुकादम होशील का म्हणून विचारलं. शहर कसं असावं हे शिकलेल्या, मासेमारी करणाऱ्या खारव्याच्या पोराला शहरात बसायला एक खुर्ची मिळेना. आवडाबाई सरकारला रोज शिव्या घालायची. सरकारला त्या ऐकू जात नव्हत्या एवढंच.

दोन वर्षांनी रत्नागिरीच्या सुधारणेची योजना निघाली. त्यासाठी घाटावरून एक साहेब आले, आणि त्यांच्या हाताखाली तात्पुरता मदतनीस म्हणून गंगाराम लागला. आवडाबाईनं वाडीभर साखर वाटली. हसलेल्या बायकांना तिनं मुद्दाम दोनदा दिली.

साहेब आले ते नेमके आषाढात. पावसाळ्यात मिरकरवाड्यातल्या होड्या पाण्यात नसतात. त्या किनाऱ्यावर ओढून घेतात, ओळीनं उभ्या करतात आणि वरून माडाच्या झापांनी शाकारतात. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला की झाप उतरतात आणि होड्या पुन्हा पाण्यात जातात. हे रत्नागिरीत शेंबड्या पोराला ठाऊक. पण साहेबांना चिखलात बूट घालायचे नव्हते. ते वरच्या रस्त्यावर छत्रीखाली उभे राहिले, दुर्बीण डोळ्याला लावली आणि किनाऱ्यावर बेकायदा झोपड्यांची रांग आहे असं नकाशावर मांडून मोकळे झाले. तिथं बाग करायची, बाकं टाकायची, मागच्या बाजूला बंगल्यांसाठी जागा पाडायच्या, असं ठरलं. गंगाराम तेव्हा दुसऱ्या टोकाला पेठेतले रस्ते मोजत होता.

नकाशा हातात आला तसा तो साहेबांकडे गेला. "साहेब, या झोपड्या नाहीत. शाकारलेल्या होड्या आहेत."

साहेबांनी मान वर केली नाही. "नकाशा वर गेला आहे. आता होड्या म्हटलं तर मी खुळा ठरतो. तू मोजणी तपासली म्हणून सही कर. दिवाळीपर्यंत तुला कायम करतो."

संध्याकाळी भाकरी खाताना त्यानं हे आईला सांगितलं. आवडाबाई साहेबाच्या नावानं बराच वेळ बडबडली. मग थंड झाली आणि म्हणाली, "सही करून टाक. पुनवेला होड्या जातीलच पान्यात. त्यास झोपड्या मोडू दे नाय तर राजवाडे. आपला काय जातंय?"

"आये, होड्या जातील. पण पुढच्या पावसात परत येतील तेव्हा तिथं बाग असेल, आणि फाटकावर पोलीस. रघूमामा होडी कुठं ओढणार? आपल्या माडीवर?"

आवडाबाईचा घास हातातच राहिला. पोराची नोकरी एवढी जवळ आली होती की तिला पलीकडचं दिसलंच नव्हतं. तिला स्वतःचीच चीड आली, आणि आपल्याला असा विचार करायला लावणाऱ्या त्या माणसाची त्याहून जास्त.

योजनेवर कोणाची हरकत असेल तर ती ऐकून घ्यावी असा कायदा होता. तोवर गंगारामनं सही लांबवली. हरकतीच्या दिवशी भर पावसात आवडाबाई कचेरीत गेली. वाडीतले पुरुष साहेबांना घाबरून पडवीतच थांबले. ही आत शिरली. टेबलामागं साहेब, आणि शेजारी हरकती लिहून घ्यायला गंगाराम. साहेबांना हे नातं माहीत नव्हतं.

"नाव विचार हिचं," साहेब म्हणाले.

गंगारामनं लेखणी उचलली. त्याचे कान लाल झाले होते. "नाव?"

ज्याच्यासाठी डोक्यावर टोपली घेऊन जन्म काढला, त्यानं आपलं नाव विचारावं! "आवडाबाई," ती म्हणाली. त्यानं ते लिहिलं.

"तुझी झोपडी कितवी?" साहेबांनी विचारलं.

"झोपडी नाय ती सायबा, होडी हाय. खाली चला, झाप उचलून दावतंय."

साहेब हसले. "झोपडी पाडायची म्हटली की या लोकांची लगेच होडी होते. या पावसात मी खाली येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. हा माझा मदतनीस विद्यापीठात नगररचना शिकलेला आहे. तोच सांगेल. सांग रे, होड्या की झोपड्या?"

सगळी कचेरी गंगारामकडं बघू लागली. आवडाबाईनं मात्र मान खाली घातली. त्याला वाटू नये की आई काही मागतेय. पोरा, तुझं तू ठरव, असं ती मनात म्हणाली, आणि मनातच दोन्ही हातांनी त्याला गदागदा हलवत होती.

गंगारामनं लेखणी खाली ठेवली. "होड्या. ओळीतली तिसरी माझ्या मामाची. आणि ही माझी आई."

त्याच संध्याकाळी वाडीची हरकत फेटाळली गेली आणि त्याची नोकरीही गेली. बेशिस्त आणि अविश्वासू, असा शेरा मिळाला. पुन्हा कुठल्या कचेरीत नकाशाला हात लावता येऊ नये, एवढी सोय साहेबांनी नीट करून ठेवली.

पुनवेला नारळ पडला आणि होड्या दर्यात गेल्या. भाद्रपदात साहेब पोलीस घेऊन झोपड्या पाडायला उतरले, तर किनारा स्वच्छ. जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्यांशिवाय तिथं चिटपाखरू नव्हतं. माणसाला लाज असती तर तो तिथंच वाळूवर बसला असता. साहेबांनी वर कळवलं की सगळ्या झोपड्या कसलाही दंगा न होता हटवल्या. दिवाळीला कायम झालं खरं कोणीतरी, पण ते साहेब, वरच्या जागेवर, पुण्यात. वरून शेवटची मंजुरी आली की बागेचं काम उन्हाळ्यात सुरू व्हायचं होतं.

गंगाराम रघूमामाच्या होडीवर जाऊ लागला. आवडाबाईला तो जाळं ओढताना बघवत नसे. काम हलकं म्हणून नव्हे, ते तिच्या बापानंही केलं होतं. खरं बोलल्याची ती शिक्षा होती म्हणून.

माघात मुंबईहून एक पाकीट आलं. तिथल्या कुठल्याशा नगरसुधार मंडळानं नगररचना शिकलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना व्याख्यानाचं बोलावणं धाडलं होतं. गंगारामनं वाचून दाखवलं. विषय होता, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या झोपड्या तंटा न होता कशा हटवल्या. व्याख्याते तेच साहेब. योजनेला शेवटची मंजुरी देणारे बडे अधिकारीही येणार होते. व्याख्यानानंतर श्रोत्यांच्या शंका घेतल्या जातील, असं खाली छापलं होतं.

गंगाराम कडवट हसला आणि पाकीट चुलीकडं भिरकावणार तोच आवडाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"आगबोट कदी हाय?"

"आये, मला कोण बोलू देणार तिथं?"

"तुला इचारलाय कोणी? मी येतंय." ती उठली आणि दांडीवरचं नवं लुगडं ओढून काढलं. "शंका इचारनाराचा नाव तितं पन इचारतील ना? ह्या टायमाला तू इचारू नको. माजा मीच सांगीन."