रोजची उजळणी

कंडक्टरची जीभ मोठी गोड. सारा जन्म बसमध्ये उभ्याने गेला, पण प्रवाशावर कधी आवाज चढवला नाही. डेपोसमोर रस्ता ओलांडताना मोटारीने उडवलं, डोक्याला मार बसला, आणि माणूस घरी आला तो अर्धाच. गॅस पेटता ठेवून झोपायचा. लेकीच्या अंगावर ताट भिरकावायचा आणि घटकाभराने तिलाच जवळ घेऊन विचारायचा, कुणी गं रडवलं तुला? पण परकं माणूस समोर आलं की जुना कंडक्टर जागा व्हायचा.

या गोडव्यानेच घात केला. नुकसानभरपाईचा दावा लागला, तेव्हा तपासणीच्या डॉक्टरांनी वार, पत्ता, लेकीचं नाव विचारलं. त्याने पटापट सांगितलं आणि वर डॉक्टरांनाच विचारलं, "साहेब, सुट्टे आहेत ना?" डॉक्टर खळखळून हसले आणि स्मरणशक्ती शाबूत असल्याचा शेरा मारून मोकळे झाले.

आता त्याला हे सगळं आलं कसं? बायकोने शिकवलं होतं. रोज सकाळी चहाचा कप हातात देऊन ती त्याची उजळणी घ्यायची. चारचौघांत त्याचं हसं होऊ नये, एवढंच तिच्या मनात. मायेपोटी केलं हो, देव जाणतो, लबाडीचा लवलेश नव्हता त्यात. पण त्या शेऱ्यापायी त्याच्या सोबतीला माणूस ठेवण्याचा खर्च नामंजूर झाला. मग कामावर जाताना त्याला आत ठेवून बाहेरून कडी लावायची वेळ तिच्यावर आली. तो आतून दारावर टकटक करायचा, गाडी थांबवा म्हणायचा, मला उतरायचंय.

त्यांच्या वकीलबाईंनी निर्णयाला आव्हान दिलं. तीन डॉक्टरांचं मंडळ फेरतपासणी करणार होतं. वकीलबाईंनी बजावलं, उजळणी आजपासून बंद, जसा आहे तसा दिसू दे. तिने मन घट्ट केलं. सकाळी तो कप घेऊन समोर बसायचा, "अगं, विचार ना," म्हणायचा, आणि ती तोंड फिरवून भांडी घासत राहायची.

मंडळाचा दिवस आला. बाहेरच्या बाकावर दोघं बसली. परीक्षेला बसलेल्या पोरासारखं तोंड करून त्याने विचारलं, "अगं, आज वार कोणता?" तिने तोंड फिरवलं. त्याने पुन्हा विचारलं. त्याच्या कपाळावर घाम आला, आणि तिला राहवलं नाही. वाकून कानात सांगितलं. वार सांगितला, पत्ता सांगितला, लेकीचं नावही सांगितलं.

आत त्याने सगळं बिनचूक म्हणून दाखवलं.

मग तिचा बांध फुटला. गॅस, ताट, कडी, सगळं तिने त्याच्यादेखत सांगितलं. हे पाठ केलेलं आहे, आत्ता बाहेर मीच सांगितलं, तेही कबूल केलं. तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "बाई दमल्यात, साहेब. त्यांना आधी बसायला द्या."

वडीलधाऱ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाले, "म्हणजे शिकवलेलं त्यांच्या लक्षात राहतं, असंच ना?"

पहिला शेरा कायम झाला. आता पुढे फारसं काही उरलं नाही, वकीलबाई फोनवर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कामावर निघण्याआधी तिने त्याला चहा दिला. तो खाटेवर वाट बघतच होता. "अगं, विचार ना."

तिने विचारलं. वार बरोबर. पत्ता बरोबर. लेकीचं नाव बरोबर. कप उचलता उचलता, का कोण जाणे, तिने विचारलं, "आणि माझं?"

हे तिने कधी शिकवलंच नव्हतं. डॉक्टर थोडेच तिचं नाव विचारणार होते! आणि लग्न झाल्यापासून त्याने तिला 'अगं'शिवाय दुसरी हाक मारलेली नव्हती, मग नाव हरवलेलं कळणार तरी कसं?

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. शोधत राहिला. ओठ हलले, थांबले. मग हळूहळू तेच जुनं गोड हसू आलं, आणि त्याने खाटेवर सरकून जागा केली.

"बसा ना, ताई. जागा आहे."

दाराची कडी हातात धरून ती उभी होती. मग कडी सोडून त्याच्याशेजारी जाऊन बसली.